शुश्रूषा : ऐकण्याची इच्छा

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे बाबासाहेबांचे लहानसे आत्मकथन आपल्या बहुतेक घरांत वाचले गेले आहे. मसूरच्या स्टेशनावर ताटकळलेली भावंडे आणि बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून हाकलून दिलेला उच्चविद्याविभूषित तरुण, हे प्रसंग आपण मुलांना आवर्जून सांगतो. त्याच पुस्तिकेच्या शेवटाकडे एक पत्र आहे. त्याकडे आपले लक्ष तितकेसे जात नाही. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे ते पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झाले होते.

शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. श्वास लागला, बरगड्यांत वेदना सुरू झाल्या. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. नगरशेठने दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा तो आला. पण रुग्णाला वस्तीबाहेर आणावे, ही त्याची अट होती. ओल्या बाळंतिणीला तान्ह्या मुलासह बाहेर आणले गेले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो पतीला दिला, पतीने पत्नीला दिला आणि त्याच वाटेने तो परत गेला. रात्रीचे आठ वाजले होते. दिव्याच्या उजेडात थर्मामीटर पाहून डॉक्टरने न्यूमोनिया असल्याचे सांगितले व औषध पाठवले. त्यानंतर तो तिला पाहायला आला नाही. ती बाई गेली.

हे पत्र आम्ही अलीकडे पुन्हा वाचले आणि एका गोष्टीपाशी थबकलो. निदान झाले होते, फीची सोय झाली होती, औषधही आले होते. वहीत लिहायचे तर उपचार झाला होता. पण डॉक्टरने त्या बाईला काही विचारले, असे त्या पत्रात कुठेही नाही. कुठे दुखते, कधीपासून दुखते, दूध पाजता येते का, भीती वाटते का, यांतले काहीही नाही. स्पर्श टाळण्यासाठी जी माणसांची साखळी उभी केली, तिने शब्दही टाळला.

आज आपण अमेरिकेत आहोत. येथे ताप मोजणारे यंत्र क्षणभर कपाळासमोर धरले जाते आणि ते धरणारा हात आपली जात विचारत नाही. आपली वृद्ध आई-वडील मंडळी येथील रुग्णालयांत दाखल होतात आणि आपल्याच अनेक मुली व मुले येथे परिचारिका म्हणून सेवा करतात. खाटेच्या दोन्ही बाजूंना आपण आहोत. म्हणूनच परिचारिकेने रुग्णाशी कसे बोलावे हा प्रश्न केवळ नर्सिंगच्या अभ्यासक्रमातला एक धडा म्हणून सोडून देता येत नाही. तो आपल्या इतिहासाचा प्रश्न आहे, असे आमचे मत आहे.

ज्या शब्दाने आपण रुग्णसेवेचा निर्देश करतो त्या ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, त्यापासून हा शब्द झाला. पालीत तो ‘सुस्सूसा’ असा येतो. पुढे ‘सेवा’ हा अर्थ त्याला चिकटला आणि मनुस्मृतीने तर हाच शब्द शूद्राच्या माथी मारला: इतर तीन वर्णांची शुश्रूषा हेच त्याचे एकमेव कर्म. ऐकणे ही अशा रीतीने खालच्याने वरच्यासाठी करावयाची गोष्ट ठरली. वरच्याने खालच्याचे ऐकावे, असे कोणत्याही स्मृतीने सांगितले नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जी मनुस्मृती जाळली गेली, तिच्यात या शब्दाची ही विटंबनाही होती.

तथागतांनी या शब्दाचा अर्थ आपल्या वागण्यातून उलटा फिरवला. विनयपिटकातील महावग्गात ही कथा येते आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही तिला स्थान दिले आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. आनंदांसह फिरत असताना बुद्ध तेथे आले. त्यांनी प्रथम विचारले की तुला काय आजार आहे. मग विचारले की तुझी काळजी घेणारे कोणी आहे का. ‘नाही’ असे उत्तर आल्यावर त्यांनी विचारले की भिक्खू तुझी काळजी का घेत नाहीत. ‘मी त्यांच्या काही उपयोगी पडत नाही,’ असे त्या भिक्खूने सांगितले. त्यानंतर बुद्धांनी आनंदांना पाणी आणावयास सांगितले, स्वतः पाणी ओतले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलले आणि मंचावर निजवले.

येथे क्रम पाहण्यासारखा आहे. आधी प्रश्न, मग पाणी. तिसऱ्या प्रश्नाने तर रुग्णाच्या मनातली खरी जखम उघड झाली: आपण कोणाच्या उपयोगाचे नाही, म्हणून आपल्याला कोणी नाही. हा प्रश्न विचारला नसता तर अंग स्वच्छ झाले असते, पण ते दुःख तसेच राहिले असते. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य कळणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे, मलमूत्र आणि ओकारीची किळस न करणे, आणि पाचवा गुण म्हणजे वेळोवेळी बोलून रुग्णाला धीर व उभारी देता येणे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी बोलण्याला औषधाच्या पंगतीत बसवले गेले होते.

आधुनिक नर्सिंगमध्ये हा विचार शास्त्र म्हणून मांडला तो पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्या हिल्डेगार्ड पेप्लाउ यांनी. १९५२ साली त्यांचा ‘इंटरपर्सनल रिलेशन्स इन नर्सिंग’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. परिचारिका म्हणजे डॉक्टरांच्या आज्ञा पाळणारे हात नव्हेत, परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हेच उपचाराचे साधन आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. हा ग्रंथ काही वर्षे छापलाच गेला नाही, कारण डॉक्टर सहलेखक नसताना एका परिचारिकेने एकटीने पुस्तक लिहावे हे त्या काळी धाडसाचे वाटले. ज्ञानावर कोणाचा अधिकार, हा वाद आपल्याला नवा नाही. आज येथे परवाना मिळवण्यासाठी जी एनक्लेक्स परीक्षा द्यावी लागते, तिच्यात या उपचारक संवादावरचे प्रश्न असतात. भारतातून आलेल्या आपल्या भगिनींनी ते सोडवलेले आहेत.

या संवादाचे नियम ऐकायला साधे आहेत. उभे राहून वरून बोलू नये, रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीला बसावे. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात संपणारा प्रश्न टाळावा. उत्तर येईपर्यंत गप्प राहण्याची सवय ठेवावी. ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगून ‘मला बरोबर समजले का’ असे विचारावे. ‘काही होणार नाही, काळजी करू नका’ अशी पोकळ ग्वाही देऊ नये. आणि ‘गोळ्या का घेतल्या नाहीत’ असा ‘का’चा प्रश्न शक्यतो विचारू नये, कारण तो जाब विचारल्यासारखा लागतो. ज्यांनी आयुष्यभर तलाठ्यापुढे, मामलेदारापुढे, सावकारापुढे उभे राहून ‘का’ ऐकले, त्या आपल्या वडीलधाऱ्यांना हा शेवटचा नियम कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आमच्यातील एका कुटुंबातला प्रसंग सांगतो. वऱ्हाडातून लेकाकडे आलेली आजी, मधुमेहाची जुनी रुग्ण. पायाच्या जखमेसाठी तिला रुग्णालयात ठेवले. परिचारिका दर वेळी हसून विचारी आणि आजी दर वेळी ‘बरं आहे’ म्हणे. दुपारी मुलगा कामावर गेला आणि अकरा वर्षांचा नातू जवळ बसला. आजी म्हणाली, ‘जीव घाबरा होऊन राहिला.’ नातवाने भाषांतर केले की आजीला भीती वाटते आहे. परिचारिका मायाळू होती. तिने आजीचा हात हातात घेतला आणि भिण्यासारखे काही नाही असे सांगून ती निघून गेली. पाळी बदलली. दुसरी परिचारिका आली. ती आपल्या देशाची नव्हती आणि तिला आपल्या भाषेचा एक शब्द येत नव्हता. तिने खुर्ची ओढली, आजीसमोर बसली आणि खुणेनेच विचारले की कुठे, दाखवा. आजीने छातीवर हात ठेवला, मग कपाळावरचा घाम पुसून दाखवला, मग थरथरणारी बोटे पुढे केली. परिचारिकेने लगेच रक्तातली साखर तपासली. ती धोक्याच्या खाली गेली होती.

पहिली परिचारिका निर्दयी नव्हती आणि नातू चुकार नव्हता. ‘घाबरणे’ या शब्दाचा त्याला माहीत असलेला अर्थ त्याने सांगितला. पण आपल्या भाषेत जीव घाबरा होणे म्हणजे भिणे नव्हे. आपली माणसे दुखणे ज्या शब्दांत सांगतात त्यांची यादी करून पाहावी: ठणका लागतो, कळ येते, चमक निघते, मुंग्या येतात, खुपते, अंग मोडून येते, कसकस वाटते, पोटात गोळा उठतो, छाती भरून येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. यांतल्या प्रत्येक शब्दाचा रोग वेगळा असू शकतो. शून्य ते दहा या पट्टीवर वेदनेचा आकडा विचारला की हे सारे पुसले जाते. आजी ‘पाच’ म्हणते, कारण पाच हा मधला, कोणाला त्रास न देणारा आकडा आहे.

एका शब्दाने काय होते याचे या देशातले उदाहरण वैद्यकीय दुभाष्यांच्या वर्गांत आजही सांगितले जाते. जानेवारी १९८० मध्ये फ्लोरिडात विली रामिरेझ हा अठरा वर्षांचा तरुण बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणला गेला. त्याच्या क्यूबन कुटुंबाने ‘इन्टॉक्सिकादो’ हा स्पॅनिश शब्द वापरला. खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले आहे, असे त्यांना म्हणायचे होते. ऐकणाऱ्यांनी अमली पदार्थाची नशा असा अर्थ घेतला आणि त्याच दिशेने उपचार सुरू झाले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. तो तरुण चारही हातपायांनी कायमचा लुळा झाला. पुढे खटल्यात सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरची तडजोड झाली. त्या घरात इंग्रजी थोडीफार येत होती, म्हणून कोणी दुभाषी बोलावला नाही.

यातून आपल्यासाठी निघणारा पहिला धडा व्यवहाराचा आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण आणि परवडणाऱ्या आरोग्यसेवेच्या कायद्याचे कलम १५५७ यांच्या आधारे, सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाने इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला प्रशिक्षित दुभाषी विनामूल्य पुरवावा लागतो. जिवावर बेतलेला प्रसंग आणि दुभाषी तत्काळ न मिळणे, एवढा अपवाद सोडला तर लहान मुलाला दुभाषी म्हणून वापरता येत नाही. ज्या चळवळीने हा नागरी हक्क कायदा घडवला ती कृष्णवर्णीयांची होती. तिचे फळ आपल्याला मिळते आहे आणि आपण संकोचाने ते नाकारतो. ‘कशाला उगीच, आम्ही सांगतो ना’ असे म्हणून आपण दुभाष्याला परत पाठवतो. कधी मराठीऐवजी हिंदी दुभाषी देऊ केला जातो आणि आपण मान डोलावतो. ज्या आईने हिंदी केवळ पडद्यावर ऐकली, तिने आपल्या गर्भाशयाचे दुखणे हिंदीत आणि मुलासमोर सांगावे, ही अपेक्षा आपण कशी करतो?

दुसरा धडा अधिक कडू आहे. भाषा एक असली म्हणजे संवाद होतोच, असे नाही. आमच्या परिचयातील एक काका शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात होते. रात्रपाळीला एक मराठी बोलणारी परिचारिका आली आणि काकांचा चेहरा उजळला. मग तिने विचारले, ‘आडनाव काय म्हणालात? गाव कोणतं? गावात कोणत्या बाजूला?’ हे प्रश्न कोठे जातात हे आपल्याला सांगावे लागत नाही. तिच्या मनात काय होते ते आम्हांला ठाऊक नाही. कदाचित निव्वळ कुतूहल असेल. काकांनी उत्तर दिले आणि त्यानंतर रात्रभर घंटीला हात लावला नाही. लघवीची अडचण होती, टाके ओढत होते, तरीही नाही. सकाळी लेकीला एवढेच म्हणाले, ‘तिला कशाला त्रास.’

रुग्णाला विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच्या बरे होण्यासाठी असला पाहिजे. उपचारक संवादाची ही कसोटी आहे आणि आडनावाची चौकशी या कसोटीवर टिकत नाही. परिचारिका म्हणून काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ही गोष्ट आपल्या सहकाऱ्यांना, मग ते कोणत्याही देशाचे असोत, मोकळेपणाने सांगावी. सिएटल शहराने २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. परंतु रात्री दोन वाजता खाटेपाशी कायदा उभा नसतो. तेथे परिचारिकेची जाण हाच रुग्णाचा आधार असतो. आणि हेही मान्य केले पाहिजे की आपल्यातील परिचारिकाही इतरांशी नकळत असे वागू शकतात. कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी लेखणे, आवाज चढवणाऱ्याला ‘त्रासदायक’ ठरवणे, हे या देशातले दोष आपल्या अंगालाही चिकटतात. ज्यांच्या हाती थर्मामीटर फिरवून दिला गेला, त्यांच्या नातवंडांनी तरी कोणाशीही असे अंतर राखू नये.

तिसरी गोष्ट आपल्या घरातील आहे. आईला कर्करोग आहे हे कळले की मुलगा परिचारिकेला गाठून विनवतो की तिला सांगू नका. या देशात आपल्या शरीराविषयी जाणून घेण्याचा आणि निर्णय घेण्याचा अधिकार रुग्णाचा आहे. विनंती करणाऱ्या मुलाचे प्रेम आम्ही जाणतो. पण किसागोतमीची कथा आठवावी. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागणाऱ्या त्या मातेला तथागतांनी खोटे सांगितले नाही आणि उपदेशही केला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरातून मोहरी आण, एवढेच सांगितले. दारोदार फिरत, लोकांचे ऐकत, ती स्वतःच सत्यापर्यंत पोहोचली. सत्य लपवू नये आणि ते अंगावर फेकूही नये. ऐकणाऱ्याच्या पावलांनी त्याच्यापर्यंत जाऊ द्यावे. चांगली परिचारिका आधी विचारते, ‘तुमच्या आजाराबद्दल तुम्हांला काय समजले आहे? आणखी किती जाणून घ्यायचे आहे?’ उत्तर आईला देऊ द्यावे. ती कदाचित म्हणेल की माझ्या लेकालाच सांगा. तोही तिचाच निर्णय असेल.

यावर आपल्या परिचारिका भगिनी आम्हांला विचारतील की एवढे बसायला आणि ऐकायला वेळ कोठे आहे. प्रश्न रास्त आहे. बारा तासांची पाळी, हाताखाली रुग्णांची गर्दी आणि प्रत्येक गोष्टीची संगणकावर नोंद, यांत करुणाही दमते. कॅलिफोर्नियाने २००४ पासून परिचारिकेमागे किती रुग्ण असावेत याची मर्यादा कायद्याने अमलात आणली. सर्वसाधारण विभागात आज ती पाच आहे. ही मर्यादा परिचारिकांच्या संघटनांनी लढून मिळवली. जेथे ती नाही तेथे तिची मागणी करणे हेही रुग्णाचे ऐकण्यासाठीच आहे आणि आपण त्या मागणीच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. तरीही त्या दुसऱ्या परिचारिकेला खुर्ची ओढून बसायला फारसा वेळ लागला नव्हता, हे विसरता येत नाही.

महावग्गात शुश्रूषकाप्रमाणेच रुग्णाचेही गुण सांगितले आहेत. आपला आजार काळजी घेणाऱ्याला जसा आहे तसा सांगणे, वाढला तर वाढला आणि कमी झाला तर कमी झाला म्हणणे, हा त्यांतील एक. आपल्या वडीलधाऱ्यांना हा गुण शिकवण्याची जबाबदारी आपली आहे. ‘बरं आहे’ हा त्यांचा विनय नाही. तक्रार केली तर मार मिळतो किंवा दार बंद होते, या पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवाने शिकवलेले ते मौन आहे. त्यांना सांगावे लागेल की येथे दुखणे सांगणे म्हणजे कुरकुर नव्हे, तो तुमचा हक्क आहे.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, पुढच्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात एक तास आपल्या परिचारिकांना द्यावा. त्यांनी ज्येष्ठांना घंटी कशी वाजवावी, दुभाषी कसा मागावा, परिचारिकेने सांगितलेले आपल्या शब्दांत परत कसे सांगावे, हे करून दाखवावे. घरी जाताना ‘समजले का’ या प्रश्नाला मान डोलावण्याऐवजी ‘ही गोळी मी सकाळी जेवणाआधी घेणार, बरोबर?’ असे विचारण्याचा सराव झाला तर अनेक चुका टळतील. दुसरी, दुखण्याच्या मराठी शब्दांची इंग्रजी अर्थांसह एक छोटी वही तयार करावी. तिच्यात वऱ्हाडी, मराठवाडी, कोकणी वळणाचे शब्द असावेत आणि ते आपल्या आजी-आजोबांना विचारूनच गोळा करावेत. तिसरी, आपल्यातील काही तरुणांनी वैद्यकीय दुभाषी व्हावे. राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी किमान ४० तासांचे प्रशिक्षण लागते. आपल्या समाजाने आजवर डॉक्टर आणि अभियंते घडवले, त्याचा अभिमान आहे. आता रात्री दोन वाजता एखाद्या अनोळखी मराठी आजीचा शब्द योग्य अर्थाने पोहोचवणारी माणसेही घडवू या.

१८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाई आजारी माणसांना घेऊन यशवंतच्या दवाखान्यात येत राहिल्या आणि त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. जवळ जाणे म्हणजे काय, हे त्यांनी देह झिजवून दाखवले. काठेवाडातील त्या बाईचे नाव आपल्याला ठाऊक नाही. तिला कोणी काही विचारले असते तर ती काय म्हणाली असती, हेही आता कधी कळणार नाही. पण आज ज्या आजी, ज्या काका पलीकडच्या खोलीत ‘बरं आहे’ म्हणून गप्प पडून आहेत, त्यांना विचारता येईल. खुर्ची ओढावी, समोर बसावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.

जय भीम. नमो बुद्धाय.